पाहुणे ससाणे आणि धरणात गेलेलं रान

काल हरभऱ्याला पाणी देताना तारेवर दोन अमूर ससाणे दिसले. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सायबेरिया-चीनकडून आलेत, आता अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिकेला जाणार. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या घाटमाथ्यावर थोडे दिवस दिसतात, मग गायब.

फोटो टाकला तर लगेच एकाची कमेंट, "नागालँडवाले हेच मारून खातात ना?"

मारत होते. २०१२ साली दोयांग जलाशयाकाठी मासेमारीच्या जाळ्यांत लाखावर ससाणे धरले गेले. पण पुढचं कुणी सांगत नाही. तिथल्या पांगती गावची शेतं त्याच धरणात गेलेली. रान गेलं म्हणून मासेमारी, आणि हंगामात हे पक्षी विकून चार पैसे. तरी २०१३ ला गावांनी शिकार बंद केली, जाळी उतरवली.

आमच्या आजोबांचंही रान धरणात गेलंय, म्हणून सांगतो, हातातली कमाई सोडणं सोपं नसतं. आता पर्यटक येतात म्हणे. पण ते हंगामापुरते. पक्षी तीन-चार देशांचा आणि त्याला वाचवायची झळ एका गावानं सोसायची, हे मला पटत नाही.

आणि आपण काय सोडलं? हा पक्षी जगतो पंखवाल्या वाळवीवर, चतुरांवर, टोळांवर. आपण दिसेल त्या किड्यावर पंप मारतो, मीसुद्धा.

परवाची फवारणी पुढं ढकललीय. घाटेअळी अजून तुरळकच आहे. घरची म्हणते, नुकसान झालं तर ससाणा भरून देणार का? बघू.