चुन्याखालची चित्रे

बडोद्याजवळच्या नंदेसरीत रासायनिक कारखान्यांमुळे नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे जाणारे पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा पाहतात, पावागडला जाऊन येतात. शहरातला तांबेकर वाडा मात्र बहुतेकांचा राहून जातो. माझाही दोनदा राहिला होता.

भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण. त्यांच्या लाकडी वाड्याच्या वरच्या दालनांत भिंतभर चित्रे आहेत. कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रजांची लढाई, शिवाय झगा घातलेल्या गोऱ्या मडमा! देवाशेजारी मडम रंगवताना चित्रकाराला काही वावगे वाटले नसावे, हे मला फार आवडले. आज वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तरी चित्रे विरत चालली आहेत. भिंतीत ओल शिरली की आतले क्षार वर येतात, वाळताना त्यांचे खडे होतात आणि रंगासकट गिलाव्याचे पोपडे सुटतात.

ओल चित्र खाते. चुना मात्र कधीकधी ते राखतो. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लॅनकार्वन नावाचे खेडे आहे. तिथल्या संत कॅडॉकच्या चर्चमध्ये २००८ च्या सुमारास दुरुस्तीच्या वेळी भिंतीवर एक बारीक लाल रेषा दिसली. चुन्याचे थर हलक्या हाताने काढत गेल्यावर खालून घोड्यावरचा संत जॉर्ज, त्याचा राक्षसी सर्प आणि सात महापापे बाहेर आली. चित्रे पंधराव्या शतकातली. पुढच्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत, विशेषतः सहाव्या एडवर्डच्या राज्यात, देवळांतल्या मूर्ती-चित्रांवर गदा आली आणि भिंती पांढऱ्या झाल्या. ज्यांनी चित्रे पुसायला चुना फासला, त्यांच्याच हातून ती टिकली.

आपल्याकडे चुना कुणाच्या रागाने लागत नाही. गणपती जवळ आले, लग्न ठरले, की लागतो. कन्नडमध्ये त्याला 'सुण्ण' म्हणतात. मराठी सासू आणि कन्नड सून दोघींना तो सारखाच लागतो! जुन्या घरात देवघराच्या वर, चौकटीभोवती वेलबुट्टी, मोर, हत्ती असतात. रंगारी आधी पत्र्याने भिंत खरवडतो, मग रंग देतो. त्या खरवडण्याला लॅनकार्वनसारखे नशीब नाही. तुमच्या घरी अशी भिंत असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी निदान एक फोटो काढा, आणि ती कुणी, कधी रंगवली हे आजीला विचारून फोटोमागे लिहून ठेवा.