सरोवराची अपुरी प्रदक्षिणा

या सदरात आपण एरवी ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र अशा विषयांवर बोलत असतो. या महिन्यात एका सायकलप्रवासाविषयी लिहावयाचे आहे. विषय वेगळा वाटला तरी तो अखेरीस हिशेबाच्या वहीपाशीच येऊन थांबतो, एवढे आश्वासन आरंभीच देतो.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त झुरिकला असतो. गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात थोरल्या बंधूंचे पत्र आले. गावच्या वाड्यामागे एक जुनी विहीर आहे. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या वाटण्या झाल्या, तेव्हा वाटणीपत्रात ही विहीर लिहावयाची राहून गेली. तेव्हापासून ती कोणाची, याचा निर्णय झालेला नाही. बंधूंनी लिहिले होते, ‘गाळ फार साचला आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो काढू म्हणतो. निम्मा खर्च देशील काय?’ मी पत्र टेबलाच्या खणात ठेवून दिले. मालकीचा कागद स्वच्छ असल्याखेरीज रुपया सोडावयाचा नाही, हे बँकेतील छत्तीस वर्षांचे वळण. आधी हक्क ठरू दे, मग गाळाचे पाहू, असे मनाशी म्हणून विमानात बसलो.

झुरिकला पोहोचल्यावर मुलाने बेत मांडला. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मधोमध एक विस्तीर्ण सरोवर आहे. इंग्रजीत त्यास लेक कॉन्स्टन्स म्हणतात, तेथील लोक बोडेनझे म्हणतात. क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर, सर्वाधिक खोली २५१ मीटर. ऱ्हाईन नदी पूर्वेकडून त्यात शिरते आणि पश्चिमेच्या टोकातून बाहेर पडते. या सरोवराभोवती सुमारे २६० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. बहुतेक वाट सपाट, काठाकाठाने आणि छोट्या गावांतून जाणारी. बहुतेक लोक तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करतात, म्हणजे पाणी सतत उजव्या हाताला राहते. हे ऐकताच सौ. म्हणाली, “मग ही प्रदक्षिणाच की!” आठ दिवसांत ती पूर्ण करावयाची, असे ठरले.

आगगाडीने कोन्स्टान्त्स या जर्मन गावी आलो आणि भाड्याने सायकली घेतल्या. सौ.ने बॅटरीवर चालणारी निवडली. नोकरीची पहिली चार वर्षे मी शाखेत सायकलनेच जात असे, त्या अभिमानापोटी मी साधी सायकल घेतली. या अभिमानाची किंमत पुढे द्यावी लागली.

कोन्स्टान्त्सच्या बंदरावर १३८८ साली व्यापाऱ्यांसाठी बांधलेली एक भव्य वखार आजही उभी आहे. आल्प्सपलीकडील इटलीशी चालणाऱ्या व्यापाराचा माल येथे उतरत असे. त्या काळी या प्रदेशाची ख्याती तागाच्या तलम कापडासाठी होती. याच इमारतीत १४१७ साली पोपची निवड झाली, म्हणून पर्यटक येतात. मला मात्र तेथे मालाच्या गासड्याच दिसत होत्या. जवळच्या राव्हेन्सबुर्ग गावातील, या कोन्स्टान्त्समधील आणि पलीकडच्या बुखहोर्न गावातील अशा तीन घराण्यांनी मिळून १३८० च्या सुमारास एक भागीदारी पेढी काढली. बार्सिलोना, जिनोआ, मिलान, ब्रूज अशा शहरांत तिचा कारभार होता आणि ती सुमारे दीडशे वर्षे चालली. तीन घराण्यांची भागीदारी पाच-सहा पिढ्या टिकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगावयास नको.

पहिल्या दिवशी स्विस काठाने निघालो. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस भाजीची शेते आणि फळबागा. मार्गावर जागोजागी फलक असल्याने नकाशा उघडावा लागत नाही. आगगाडीचा रूळ वाटेच्या सोबतीने धावतो आणि थोड्या थोड्या अंतरावर स्थानक येते. थकलेल्याने सायकलीचे तिकीट काढावे आणि गाडीत बसावे. श्टेकबोर्न नावाच्या टुमदार गावात पाणवठ्यावर बसून आम्ही घरून नेलेले खाखरे आणि तेथे घेतलेली चेरी खाल्ली. सायंकाळी श्टाइन आम राईन येथे पोहोचलो. घरांच्या दर्शनी भिंती जुन्या चित्रांनी रंगवलेल्या. ऱ्हाईन येथेच सरोवर सोडून पुढे निघते. जूनमध्ये तेथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवसाउजेडी जेवण उरकण्याची अडचण कोठेच आली नाही.

दुसऱ्या दिवशी राडोल्फत्सेल, तिसऱ्या दिवशी युबरलिंगन. वाटेत झिप्लिंगेन हे लहानसे गाव लागते. येथे सरोवरात ६० मीटर खोलीवरून पाणी उपसले जाते आणि श्टुटगार्ट शहरासह जर्मनीतील सुमारे चाळीस लाख लोकांना पुरवले जाते. काठावर उंच खांबांवर नारिंगी दिवे दिसत होते. मुलाने सांगितले, वादळाचा इशारा देणारे दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सोसाट्याचा वारा येणार, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. तिन्ही देशांच्या काठांवर खूण एकच.

चौथ्या दिवशी उंटरउलडिंगेन येथे पाण्यात रोवलेल्या खांबांवरची घरे पाहिली. अश्मयुगात आणि कांस्ययुगात या काठावर माणसे अशा घरांत राहत. ही घरे अर्थातच नव्याने उभारलेली आहेत. पुढे मेर्सबुर्गचा किल्ला आणि द्राक्षांचे मळे. सपाट म्हणून सांगितलेल्या वाटेने येथे थोडा चढ दाखवला आणि माझ्या उजव्या गुडघ्याने तक्रार नोंदवली. फ्रीडरिक्सहाफेनला पोहोचेपर्यंत गुडघा सुजला होता. हेच ते जुने बुखहोर्न. याच्याच पाण्यावरून १९०० साली पहिले झेपेलिन विमान आकाशात चढले होते. मी मात्र जिना चढू शकत नव्हतो.

रात्री झोप लागली नाही. पुढे लिंडाऊचे बेट, ऑस्ट्रियाचे ब्रेगेन्झ, ऱ्हाईनचे मुख, सगळे बाकी होते. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय मी कधी शाखा सोडली नव्हती. प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडणे मनाला पटेना. सकाळी सौ. म्हणाली, “देवळातली प्रदक्षिणा असती तर मी आग्रह केला असता. इथे समोर नाव उभी आहे, चला.” पलीकडच्या स्विस काठावरील रोमान्सहोर्नला जाणारी मोठी बोट तेथून सुटते. तीत सायकलीही चढवता येतात. पाऊण तासाचा प्रवास.

बोट मधोमध आली तेव्हा मी सहज विचारले, “आता आपण कोणत्या देशात आहोत?” मुलगा हसला. म्हणाला, “बाबा, ते ठरलेलेच नाही.” मला वाटले, थट्टा करतो आहे. पण गोष्ट खरी आहे. सरोवराच्या या मोठ्या भागाच्या खोल पाण्यावर तिन्ही देशांची हद्द कोणत्याही कराराने आजवर आखलेली नाही. स्वित्झर्लंडच्या मते सीमा मध्यरेषेवर आहे. ऑस्ट्रियाच्या मते खोल पाणी सर्वांचे सामाईक आहे. जर्मनीने ठाम भूमिकाच घेतलेली नाही.

माझ्यातील कर्जविभागाचा अधिकारी जागा झाला. अशा मालमत्तेवर मी एक पैसा मंजूर केला नसता! पण मग त्या दिव्यांचे काय? चाळीस लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे काय? तेही मुलाने सांगितले. सांडपाण्यामुळे हे सरोवर बिघडू लागले, तेव्हा काठावरच्या राज्यांनी १९५९ साली एक संयुक्त आयोग नेमला आणि १९६० साली पाण्याच्या रक्षणाचा करार केला. तो झाला श्टेकबोर्नला, म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही जेथे चेरी खात बसलो होतो त्याच गावी. पुढे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारली गेली. १९८० च्या सुमारास पाण्यात फॉस्फरस फार वाढला होता, तो हळूहळू खाली आला. हे सगळे झाले आणि हद्दीची रेघ मात्र कोणी ओढली नाही.

मी कठड्याला धरून उभा होतो. खणातले पत्र आठवले. एकोणीस वर्षे मी हक्क ठरण्याची वाट पाहत होतो, आणि गाळ काही हक्क ठरण्याची वाट पाहत थांबला नव्हता.

रोमान्सहोर्नला उतरून दोन दिवस विश्रांती घेतली. मग सौ.ची बॅटरीची सायकल मी घेतली, तिने माझी, आणि शेवटचे सुमारे वीस किलोमीटर सावकाश कापले. हा थुर्गाउ प्रांत सफरचंदांचा. सफरचंदाच्या रसाला तेथे मोस्ट म्हणतात, आणि या प्रांताला थट्टेने ‘मोस्ट-इंडिया’ असे टोपणनाव आहे. ईस्ट इंडियावरची ती कोटी आहे म्हणतात. परक्या मुलखात आपल्या देशाचे नाव असे भेटल्यावर गुडघ्याचे दुःखही थोडे हलके झाले. क्रॉइत्सलिंगेनहून कोन्स्टान्त्समध्ये शिरताना देश बदलला, हे चलन बदलल्यामुळेच लक्षात आले.

आपल्यापैकी अनेकजण दहा दिवसांत सहा देश पाहून येतात. त्यांना सुचवावेसे वाटते की, एकदा एकच सरोवर पाहावे. एका शेंगेन व्हिसावर तिन्ही देशांत जाता येते. रोज तीस किलोमीटरांहून अधिक ठरवू नये, सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी सेवा घ्यावी आणि साठी उलटली असल्यास बॅटरीची सायकल घेण्यात कमीपणा मानू नये. नातवंडे, सून आणि आजोबा एकाच वाटेने जाऊ शकतात, कारण ज्याला जेथे थांबावेसे वाटेल तेथे त्याच्यासाठी स्थानक किंवा बोट आहे.

झुरिकला परतल्या दिवशीच बंधूंना फोन केला. निम्मा खर्च पाठवतो, एवढेच बोललो. पलीकडे ते क्षणभर गप्प राहिले, मग गुडघ्याची चौकशी केली. यंदा वैशाखात गाळ निघाला, तेव्हा मी गावी होतो. विहीर कोणाची, हा प्रश्न दोघांनीही काढला नाही. वाटणीपत्रातील ती जागा अजून कोरीच आहे.

ज्या वाचकांच्या कागदपत्रांत अशी एखादी कोरी जागा असेल, त्यांनी वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा. तोवर गाळाचा खर्च मात्र वाटून घ्यावा.