पाठ रोज झिजते, कायद्याला दिसत नाही



विमानतळावर पट्ट्यावर फिरणारी बॅग सर्वांना दिसते, ती चढवणारा-उतरवणारा लोडर कोणाला दिसत नाही. लहान विमानाच्या पोटात ताठ उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, वाकून, ३२ किलोपर्यंतच्या बॅगा रचाव्या लागतात, त्याही विमान सुटण्याच्या घाईत. आपल्या पार्सल ऑफिसातल्या आणि आर.एम.एस.मधल्या लोकांना हे दुखणे समजावून सांगायला नको.

बोट चिरडले तर तो अपघात. पण दहा वर्षे ओझे उचलून कंबर गेली, तर मालक म्हणतो, "हे वयाचे दुखणे." १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे. झिजलेली कंबर तेव्हा नव्हती, आजही नाही.

"तो ठेकेदाराचा माणूस," हे उत्तरही ऐकून घेऊ नका. ई.एस.आय. लागू असेल तर दावा तिकडे करावा. नसेल तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. हे कलम जुन्या कायद्यात होते, संहितेतही आहे.

फेडरेशनने कंबरेचे दुखणे यादीत घालण्याची मागणी रेटली पाहिजे. तोवर कंबरेत लचक भरली की त्याच दिवशी अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद करा आणि डॉक्टरचा कागद जपून ठेवा. नोंद नसेल तर दावा लंगडा पडतो.

विमानतळावरचा लोडर आपल्या युनियनचा सभासद नसेल, पण त्याच्या आणि आपल्या पाठीवरचे ओझे एकच आहे.