पसंतीक्रम कोणाचा?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की दोन वर्षांची धावपळ थांबते आणि घराघरांत नवी घाई सुरू होते. देशपातळीवरचा क्रमांक किती, राज्याची गुणवत्ता यादी कधी, गेल्या वर्षी कोणत्या कॉलेजचे प्रवेश कितव्या क्रमांकावर थांबले, याच चर्चा. पसंतीक्रम भरायला मिळतात मोजके दिवस. अनेक घरांत तो शेवटच्या रात्री, कुण्या जाणकाराने पाठवलेली यादी समोर ठेवून भरला जातो. ज्या यादीवर मुलाची किंवा मुलीची पुढची साडेपाच वर्षे ठरतात, तिच्या वाट्याला येणारा हा वेळ आणि हा विचार फार तोकडा आहे.

या प्रक्रियेत विद्यार्थ्याला पुष्कळ काही विचारले जाते. १८० प्रश्न आणि ७२० गुणांची परीक्षा होते; जात, रहिवास, उत्पन्न, शारीरिक पात्रता यांचे दाखले मागितले जातात. डॉक्टर का व्हायचे आहे, हे मात्र कोणत्याही टप्प्यावर विचारले जात नाही. लाखोंच्या निवडीत मुलाखती घेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. खासगी महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि त्यांच्या आडून होणारे व्यवहार ज्यांनी पाहिले, त्यांना एकाच परीक्षेची गरज समजावून सांगावी लागत नाही. तरीही हा प्रश्न न विचारण्याला दोन अपवाद आपल्याच राज्यात आहेत, एक आजचा आणि एक जुना. पुण्याच्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नीटच्या गुणांनंतर वेगळी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत होते, कारण तिथून बाहेर पडणारा डॉक्टर लष्करी अधिकारी होणार असतो. आणि डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नीट येण्यापूर्वी प्रवेशासाठी गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. ती परीक्षा गेली, पण गाव दत्तक घेऊन शिकण्याची तिथली रीत आजही आहे.

बाकी सगळीकडे हा प्रश्न घरीच विचारावा लागतो, आणि तो निकालाआधी विचारलेला बरा. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात उभे राहायचे आणि पहिल्या वर्षाची परीक्षा फार तर चार प्रयत्नांत उत्तीर्ण व्हायची. नीट मराठीतून देता येते, पण एमबीबीएसचे शिक्षण इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले पहिल्या सहामाहीत याच उंबरठ्यावर अडखळतात. त्यांनी मागे फिरावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. कॉलेजच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषेसाठी खरोखर काही केले जाते का, एवढे मात्र तिथल्या विद्यार्थ्यांना आधी विचारून घ्यावे. एमबीबीएसनंतर बहुतेकांना पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा तशीच मोठी परीक्षा द्यावी लागते. तिशीच्या जवळ जाईपर्यंत शिक्षण चालणार आहे, हे सतरा-अठराव्या वर्षीच मुलाला स्पष्ट सांगायला हवे. त्यासाठी राज्यात पहिला आलेल्याचे व्याख्यान ऐकण्यापेक्षा एखाद्या इंटर्नशी तासभर बोलणे अधिक उपयोगाचे, कारण रात्रपाळी, रुग्णांचे नातेवाईक आणि थकवा यांच्याविषयी तो खरे बोलेल.

आता अर्जाकडे. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, देशपातळीवर भरते. ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. अभिमत विद्यापीठांच्या, ज्यांना सगळे ‘डीम्ड’ म्हणतात त्यांच्या, सर्व जागा आणि एम्सच्या जागा एमसीसीकडेच असतात. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी साधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. राजस्थानातल्या कोटा शहरात शिकवणी लावून तिकडच्याच शाळेतून बारावी देणारी मुले हा हक्क गमावतात, आणि अनेक पालकांना ते प्रवेशाच्या वेळी कळते. बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागातील मराठी मुलांसाठी राज्याने वेगळी तरतूद ठेवली आहे. तिची माहिती तिथल्या शाळांपर्यंत पोहोचायला हवी.

सर्वांत मोठा गैरसमज पसंतीक्रमाविषयी आहे. ‘केईएम वर टाकू नको, मिरजही हातचे जाईल’ हा सल्ला दरवर्षी दिला जातो आणि तो चुकीचा आहे. जागावाटप गुणवत्ता क्रमाने होते. यादीत ३,००० व्या स्थानावर असलेल्या मुलीने पहिले केईएम, दुसरे मिरज आणि तिसरे नंदुरबार लिहिले असे समजू. तिची पाळी आली की संगणक प्रथम केईएममध्ये तिला लागू असलेल्या प्रवर्गांत जागा आहे का ते पाहतो. नसेल तर मिरज, तिथेही नसेल तर नंदुरबार. मिरज पहिल्या क्रमांकावर लिहिणारा ३,००१ वा मुलगा तिच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण त्याची पाळीच तिच्यानंतर येते. म्हणजे वरच्या ओळीत मोठे नाव लिहिल्याने खालच्या ओळीचे काहीही नुकसान होत नाही. मनात जो क्रम आहे तोच कागदावर उतरवणे हीच सर्वांत शहाणपणाची चाल. हिशेब मांडून खालीवर करण्यासारखे इथे काही उरत नाही.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. जिथे जायचेच नाही ते कॉलेज यादीत लिहू नये, मग कोणी कितीही म्हणो. मिळालेली जागा पसंत असेल तर राज्याच्या प्रक्रियेत ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरून तिथेच थांबता येते. तो न भरता पुढच्या फेरीत उतरलात आणि यादीतले वरचे कॉलेज मिळाले, तर आधीची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते, पण दुसऱ्या फेरीपासून ती न घेणाऱ्याची अनामत रक्कम जप्त होते, आणि डीम्डसाठी ही रक्कम २ लाख रुपये आहे. फेऱ्यांचे बारीक नियम दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून माहितीपुस्तिका घरातल्या एकाने तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी. हजारो रुपये घेणारा समुपदेशकही तिच्यातलेच सांगत असतो.

दुसरी चूक गुणांची. २०२४ मध्ये नीटच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, सुधारित निकालानंतर ते १७ उरले. २०२५ मध्ये देशातला सर्वोच्च गुणांक ६८६ होता. २०२४ मध्ये ६०० गुण मिळवणाऱ्याचा क्रमांक ८० हजारांच्या आसपास लागला. पुढच्याच वर्षी तेवढ्याच गुणांवर तो १,५०० च्या आत आला. अशा स्थितीत ‘गेल्या वर्षी ससूनला इतक्या गुणांवर मिळाले’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. तुलना करायची ती क्रमांकाची, आपल्या प्रवर्गातली आणि शेवटच्या फेरीपर्यंतची. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशातल्या जागा सव्वा लाखाच्या घरात. ‘पात्र’ या शब्दावर विसंबून ज्यांनी घरात पेढे वाटले, त्यांची पुढे झालेली निराशा आम्ही जवळून पाहिली आहे.

मग कॉलेज निवडायचे कशावरून? १८४५ चे ग्रँट, १९२६ चे सेठ गो. सु. म्हणजे केईएम, १९४६ चे पुण्याचे बी. जे., १९४७ चे नागपूरचे शासकीय महाविद्यालय ही नावे यादीच्या वर असतात ती उगीच नव्हे. तिथे रुग्णांचा ओघ अखंड आहे, आणि वैद्यक शेवटी रुग्णाजवळ उभे राहूनच शिकावे लागते. पण केईएमसारख्या ठिकाणी एका वर्गात २५० विद्यार्थी असतात. एका खाटेभोवती गर्दी करून उभ्या असलेल्यांत मागच्या रांगेतल्याला रुग्णाच्या पोटाला हात लावायला कधी मिळणार, हा साधा प्रश्न आहे. त्याउलट २०२४ मध्ये राज्यात गडचिरोली, हिंगोली, वाशीम, जालना अशा ठिकाणांसह एकदम १० शासकीय महाविद्यालये सुरू झाली. तिथे वर्ग लहान आहेत, आणि रुग्ण शहरात क्वचित दिसणाऱ्या आजारांचे. विंचूदंशावरचे प्राझोसिनचे उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडसारख्या ठिकाणी काम करत जगापुढे मांडले. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची डॉ. अभय आणि राणी बंग यांची पद्धत गडचिरोलीच्या खेड्यांतून आली. लहान गावात मोठे वैद्यकीय ज्ञान निर्माण होते, याला महाराष्ट्र स्वतःच साक्षी आहे.

मात्र नव्या महाविद्यालयाची पाटी पाहून भारून जाऊ नये. १०० जागांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांनुसार किमान ४२० खाटांचे रुग्णालय लागते. त्या खाटांवर खरोखर रुग्ण असतात का? औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग आणि बालरोग या विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, की कागदावर बदली झालेले? विच्छेदनासाठी देह मिळतात का? मुलींचे वसतिगृह आवारात आहे की बाहेर भाड्याच्या इमारतीत? ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांसाठी ठेवणारा प्रादेशिक ७०:३० कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाल्यापासून लातूरची मुलगी सिंधुदुर्गात आणि पालघरचा मुलगा गोंदियाला अधिक सहज जाऊ शकतो. घर आठशे-नऊशे किलोमीटर दूर असेल, तर वसतिगृहाचा प्रश्न गौण राहत नाही.

पैशाविषयी स्पष्ट बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. डीम्डची फी अनेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे. साडेचार वर्षांचा हिशेब कोटीच्या घरात जातो. जमीन विकून हा खर्च करणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत, आणि त्या मुलांच्या डोक्यावरचे ओझे अभ्यासापेक्षा जड असते. खासगी महाविद्यालयांच्या राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, संस्थात्मक कोट्यात ती कितीतरी पट असते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा आणि डीम्ड यात येत नाहीत. सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्याला शेवटी एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते, नाहीतर दंड भरावा लागतो. समाजाच्या पैशाने डॉक्टर झालेल्याने वर्षभर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावे ही अपेक्षा आम्हाला पूर्णपणे न्याय्य वाटते.

परदेशाचा पर्याय थोडक्यात: तिथे जाण्यासाठीही नीटमध्ये पात्र ठरावेच लागते, ५४ महिन्यांचा इंग्रजी अभ्यासक्रम आणि तिथलीच वर्षभराची इंटर्नशिप लागते, आणि परतल्यावर द्यावी लागणारी परीक्षा बहुतेक सत्रांत निम्म्यांनाही पार करता येत नाही. युक्रेनमधून २०२२ मध्ये परतलेल्या मुलांचे काय झाले हे विसरण्याइतके जुने नाही.

राखीव प्रवर्गातल्या मुलांची खरी परीक्षा मात्र सेतू केंद्राच्या रांगेत होते. जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, मोडीतले कागद हे सगळे जूनमध्ये निकालानंतर गोळा होत नाही. गुण असूनही ‘व्हॅलिडिटी’ वेळेत न आल्याने खुल्या प्रवर्गात ढकलली गेलेली मुले दरवर्षी असतात. हा विद्यार्थ्यांचा दोष नव्हे. अकरावीच्या पहिल्या सत्रातच कनिष्ठ महाविद्यालयांनी हे अर्ज भरून घ्यावेत आणि पडताळणी समित्यांनी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे निर्णय बारावीच्या परीक्षेआधी द्यावेत.

सीईटी सेलकडेही आमची एक मागणी आहे. पसंतीक्रमाच्या अर्जात कॉलेजच्या संकेतांकासमोर आज फक्त नाव आणि जागा दिसतात. त्याच ओळीत भरलेली अध्यापकपदे, रोजची ओपीडी, व्यापलेल्या खाटा, वसतिगृहाची क्षमता आणि मागच्या तीन वर्षांचे प्रवर्गनिहाय शेवटचे क्रमांक मराठीत द्यावेत. हे आकडे संस्थांकडे असतातच, नियामकांना ते पाठवावेही लागतात. पहिली फेरी सुरू होण्याआधी राज्यातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने एक दिवस आपले आवार उमेदवारांसाठी खुले ठेवावे आणि तिथल्या इंटर्नना त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. वैद्यकीय शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते येत्या प्रवेशाच्या वेळापत्रकाबरोबरच निघायला हवे.