बादली उसनी, मुका घरचा

मराठी रुक्ष आहे असं जो म्हणेल, त्याच्याशी माझं भांडण आहे. मग तो शेजारचा चिरंजीव का असेना! हे चिरंजीव हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करतात. (हिंजवडी आमच्या मुळशी तालुक्यात येते, पुणेकर ती आपलीच समजतात, पण तो वाद पुन्हा केव्हातरी.) कंपनीच्या कामासाठी स्पॅनिश शिकतात. त्यांनी मला 'बेसो' हा शब्द शिकवला. बेसो म्हणजे मुका. तिकडची माणसं मावशीला पत्र लिहिलं, तरी शेवटी खुशाल 'बेसोस' लिहून मोकळी होतात. "काका, आपल्याकडे असं काही नाहीच!" ही वर पुस्ती.

नाही कसं? बेसोचा सख्खा भाऊ म्हणजे पोर्तुगीज 'बेइजू'; दोघांचा बाप लॅटिन. हा भाऊ १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात आपल्या शेजारी मुक्कामाला होता. तेवढ्यात मराठीनं पोर्तुगिजांकडून पाव घेतला, बटाटा घेतला, चावी, बादली, घमेलं घेतलं. मी महिनाभर ज्याची वाट बघतो, तो 'पगार'सुद्धा तिथलाच. पण साडेचारशे वर्षांत बेइजूला कुणी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. कारण उघड आहे. बादली शेजाऱ्याकडून मागून आणता येते. मुका घरचाच असतो.

आता आपले शब्द जरा विचित्र आहेत, हे कबूल. 'मुका' म्हणजे न बोलणाराही. 'पापी' म्हणजे पाप करणाराही. 'किस' म्हणावं, तर उपासाचा बटाटा डोळ्यांपुढे येतो. उरलं 'चुंबन', ते रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत शोभेल. आणि पत्राच्या शेवटी आपण काय लिहायचो? 'लोभ असावा'! म्हणजे षड्रिपूंपैकी एकाला पकडून त्याच्याकडून माया मागायची. जी भाषा शत्रूलाही असल्या कामाला लावते, ती रुक्ष कशी हो?

रुक्ष आहोत ते आपण. पोर पाळण्यात असेतो मुक्यांचा पाऊस. शाळेत गेलं की पाठीवर थाप. नोकरीला लागलं की फक्त "जेवलास का?" आणि म्हाताऱ्या आईबापांच्या वाट्याला वाकून नमस्कार, तोही दिवाळीला. 'जेवलास का'मध्ये सगळं आलं, असं काहीजण म्हणतात. आलं असेल, पण म्हातारपणी धड ऐकू येत नाही, तिथे हे न बोललेलं कसं ऐकू यावं?

मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीसुद्धा वारस कागदपत्रं घेऊन आला, की त्याला ती मिळते. मायेच्या खात्याला ही सोय नाही. शिल्लक चिक्कार असते. पण खातेदार गेला की सगळं त्याच्याबरोबर गेलं. तिथे नॉमिनीचा रकानाच नाही.

तेव्हा बेसो जरूर शिका, विद्या वाया जात नाही. मात्र शिकाल त्या दिवशी घरी जाऊन आईचा एक मुका घ्या. ती "अरे, हे काय खूळ!" म्हणेल, पदरानं गाल पुसेल, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीला सांगत सुटेल.