बाररूमच्या दारावरचा कागद

परवा पोटगीच्या केससाठी एका बाईसोबत तालुक्याच्या कोर्टात गेले होते. तिनं रोजगार बुडवलेला, धाकटं पोर शेजारणीकडे ठेवलेलं. बाररूमच्या दारावर कागद चिकटवलेला - ‘आज वकील कामकाजापासून अलिप्त’. कशासाठी, ते कुणी नीट सांगेना. पुढची तारीख दीड महिन्यानं. बाई म्हणाली, “ताई, नवरा येत नव्हताच. आता वकीलपण नाही.”

वकिलांची संघटना म्हणजे नुसता बहिष्कार, असं मी म्हणणार नाही हं. कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामागे सहा जिल्ह्यांतल्या बार असोसिएशनचा वर्षानुवर्षांचा लढा आहे. सावंतवाडीच्या बाईला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, ती दगदग वाचली. त्यासाठी त्यांना मनापासून नमस्कार.

पण ऊठसूट काम बंद? वकिलांना संपाचा हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगितलंय. आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, बस्स! आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक आहे? माझ्यासोबतच्या बाईनं तर फीसाठी डोरलं गहाण टाकलं होतं. बहिष्काराचा कागद जिथं लागतो, तिथं हा का लागू नये?

पुढच्या तारखेला बारच्या अध्यक्षांना भेटून हेच विचारणार आहे. कागद आणि खळ घरूनच नेते.