सांडलेले तेल आणि न फाडलेली पावती

पावसाची पहिली सर आली की डांबरी रस्त्यावर साचलेल्या तेलाचा तवंग पसरतो आणि दुचाकीस्वार घसरतात. वर्तमानपत्रे त्यास ‘अपघात’ म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही.

मालमोटारीतून डिझेल सांडले की अग्निशमन दल येते, पाणी मारते किंवा रेती पसरते आणि परत जाते. पाण्याने तेल नाहीसे होत नाही. ते पसरते आणि पावसाळी गटारात उतरते. रेती वा लाकडाचा भुसा तेल शोषतो खरा, परंतु तो नंतर घासून, झाडून उचलावयास हवा. उचललीच नाही तर तीच रेती चाकांखाली गोट्यांसारखी फिरते. शिवाय डिझेलमध्ये डांबर विरघळते. डाग राहिला तेथे खडी सुटते, पुढे खड्डा पडतो. (तो खड्डा मग दुसऱ्याच खात्याच्या अंदाजपत्रकात!)

अर्थशास्त्रात यास बाह्य खर्च म्हणतात : करणारा एक, भरणारा दुसरा. प्रदूषकाने किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योग प्रकरणात स्वीकारले. २०१० च्या राष्ट्रीय हरित अधिकरण कायद्यातही ते आले. मग गळक्या मालमोटारीपाशीच ते का थबकावे? वाहनाचा क्रमांक पोलिसांकडे असतो. तरीही सफाईचा खर्च मालकाकडून वसूल करणारे देयक माझ्या सेवाकाळात मी एकदाही पाहिले नाही. रेती उचलावयाची कोणी, असे एका बैठकीत विचारले, तेव्हा तीन खात्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि विषय पुढील बैठकीवर गेला.